बोर्ड थंड होईपर्यंत

८ जानेवारी २०२५, बुधवार

क्रांती मॅडमनी सांगितलं म्हणून लिहायला घेतलं. त्या एक दिवसाआड घरी येऊन ह्यांच्याकडून व्यायाम करून घेतात. म्हणाल्या, वहिनी, रोजचं बीपी, औषधं, काय खाल्लं, कुठला हातपाय किती हलला, नवा शब्द आला का, सगळं एका वहीत टिपत चला. वही शोधली नाही. पतसंस्थेनं दिलेली डायरी होती, तीच घेतली.

बीपी १४०/९०. गोळ्या दिल्या. सकाळी नाचण्याची आंबील, दुपारी मऊ भात. उजवा हात नाही. उजवा पाय थोडा. शब्द एकच, 'व्हय'.

सगळ्यालाच व्हय. पाणी पाहिजे का, व्हय. नको का, व्हय. डॉक्टर म्हणाले होते, डोक्यात सगळं समजतं, तोंडापर्यंत येताना शब्द हरवतो. लिहिताही येत नाही. डाव्या हातात पेन दिलं तर नुसत्या रेघा ओढतात.

११ जानेवारी

बीपी १३६/८८. बाकी तसंच.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. ह्यांची थोरली बहीण, आक्का, मुरगूडहून आल्या. येताना भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी घेऊन आल्या. 'विजा, खा रं,' म्हणत ह्यांना कुस्करून भरवलं आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तू रडताना दिसत न्हाईस. मी म्हटलं, वेळ मिळत नाही.

त्या आता इथंच राहणार आहेत. आम्हाला मूलबाळ नाही, दुसरं कोण येणार.

जेवण झाल्यावर दुकानाचा विषय काढला. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. हे तिथं लॅपटॉप दुरुस्त करायचे. नुसती साफसफाई नाही, बोर्डावरची जळकी चिप काढून नवी बसवायचे. फुलेवाडीत तेवढं करणारे हे एकटेच. नऊ डिसेंबरला ह्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून खोली बंद आहे. आक्का म्हणाल्या, गडहिंग्लजचा एकजण चिपा बसवायचं मशीन घेतो म्हणतोय, खोली पार्लरला भाड्यानं देऊन टाकू. मी म्हटलं, बरं.

शिवायला दिलेले ब्लाऊज ज्याचे त्याला परत केले. शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

इचलकरंजीहून एकजण आले होते. सोमशेखर नाव, पन्नाशीचे, कपाळाला विभूती. कारखानदारांना साड्यांच्या काठापदराची डिझाइनं करून देतात. त्यांचा लॅपटॉप डिसेंबरपासून आमच्याकडे आहे. ह्यांना काय झालंय ते त्यांना माहीत नव्हतं. आत येऊन खाटेजवळ उभे राहिले आणि हात जोडले. ह्यांनी 'व्हय' म्हटलं.

मी पुढची खोली उघडून दिली. लॅपटॉप म्हणजे उघडा सांगाडा. कीबोर्ड एकीकडे, पंखा एकीकडे, बोर्ड टेबलावर. सोमशेखर बघत राहिले. म्हणाले, डिझाइनं डिस्कवर आहेत, ती दुसरीकडे काढता येतील. पण ज्यात ती उघडतात तो प्रोग्रॅम ह्याच बोर्डाला बांधलेला आहे. दुसऱ्या मशीनवर चालत नाही आणि बनवणारी कंपनी बंद पडली. अकरा वर्षांचं काम आहे. शाहूपुरीतल्या दोन दुकानांत विचारून आले होते. दुसऱ्यानं उघडलेल्या मशीनला ते हात लावत नाहीत.

मला वाटलं आता आवाज चढवतील. चढवला नाही. 'घाई न्हाई ओ वैनी,' म्हणाले, 'आधी माणूस बरं होऊ द्या.' आणि चहा न घेता गेले.

ते गेल्यावर स्टूल दिसलं. अजून आडवंच पडलं होतं. सरळ केलं.

२० जानेवारी

बीपी १३८/८८. टेबल पुसायला म्हणून गेले होते. पुसलं नाही. लॅपटॉपखाली ह्यांच्या हातची चिठ्ठी होती. 'चित्र नाही. बाहेरच्या स्क्रीनवर पण नाही. ग्राफिक्स चिप. नवीन आली.' नवी चिप शेजारीच डबीत होती. एका कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या त्या जागी स्क्रू चिकटवून ठेवले होते.

अक्षर बघत किती वेळ बसले कोण जाणे. आंबील उतू गेली.

२२ जानेवारी, बुधवार

ह्यांना चाकाच्या खुर्चीतून पुढच्या खोलीत नेलं. क्रांती मॅडम म्हणाल्याच होत्या, खाटेवरून हलवा. ह्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी करते. मशीन विकायच्या आधी एवढं एक टेबल मोकळं करू. 'व्हय, व्हय, व्हय,' म्हणाले आणि डावा हात जोरानं हलवला. हो म्हणत होते की नाही, कळलं नाही. पंधरा वर्षांत त्यांनी मला त्या टेबलाला हात लावू दिला नव्हता, म्हणजे बहुतेक नाहीच.

तरी मी बसले. मग ह्यांनी भंगाराच्या खोक्याकडे बोट केलं. आधी जुन्या बोर्डावर, असं.

आक्का दारातून म्हणाल्या, हे काय नवीन. मी म्हटलं, ह्यांचा वेळ जातो.

२४ जानेवारी

पहिला बोर्ड गेला. मशीन खालून आणि वरून आच देतं. मधे चिप. तापमानाचा आकडा पडद्यावर चढत जातो. मी जास्त चढू दिला आणि बोर्ड पापडासारखा फुगला. जळका वास. ह्यांनी तोंड फिरवलं.

२७ जानेवारी, सोमवार

दुसराही गेला. आज उलटं, खालचं शोल्डर, म्हणजे चिप धरून ठेवणारं कथील, वितळायच्या आधीच चिप ओढली. चिपबरोबर बोर्डावरच्या तांब्याच्या टिकल्या उचकटून आल्या. ह्यांनी माझ्या हातावर चापट मारली. लागली नाही.

मग टेबलावर बोट आपटून दाखवलं. एकदा आपटलं की थांबायचं, दोनदा आपटलं की पुढं. असं आज ठरलं. बोलून ठरलं नाही, पण ठरलं. मशीनमध्ये ह्यांनी आकडे आधीच साठवून ठेवलेत. तीन बोटं दाखवली. तीन नंबरचा प्रोग्रॅम लावायचा होता, मी एक लावत होते.

बीपी घेतलं, १३०/८४. यंत्र बिघडलंय का म्हणून परत घेतलं. तेवढंच.

३० जानेवारी

तिसरा बोर्ड चांगला निघाला. चिप अलगद उचलली. खाली बारीक ठिपक्यांच्या ओळी, चकचकीत. दोन टक टक. पुढं.

सोमशेखरना फोन करून खरं सांगितलं. म्हटलं, मी करून बघणार आहे, मी कधी केलेलं नाही, बिघडेल. ते म्हणाले, 'बिघडलेलंच हाय की वैनी. आनि काय बिघडायचं ऱ्हायलंय त्यात.'

३ फेब्रुवारी, सोमवार

क्रांती मॅडम खूश. उजवा पाय चांगला उचलतात आता. भिंतीला धरून चार पावलं टाकली. जाताना दारात चपला घालत मला म्हणाल्या, तुम्ही त्यांना वेळेत नेलंत वहिनी, लोक तास तास घालवतात, म्हणून एवढं तरी वाचलं. त्या गेल्यावर दार लावायचं राहिलं. कुत्रं आत आलं होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

ही वही कोण वाचत नाही. मॅडम नुसते बीपीचे आकडे बघतात. म्हणून लिहिते.

नऊ डिसेंबरला सकाळी मी ह्यांचं टेबल पुसलं आणि कागदावरचे दोन स्क्रू हलले. हे म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं, हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं. दुसरं काही नाही. नेहमीचंच. पण मला त्या दिवशी लागलं. मी जेवण वाढलं आणि बोलले नाही. दुपारी मधल्या खोलीत शिवायला बसले. एका लग्नाचा ब्लाऊज होता, दुसरी बाही लावत होते. पुढच्या खोलीत स्टूल पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, रागानं लाथ मारली. मी शिलाई मशीनच्या पायट्यावरचा पाय काढला नाही. बाही लावली, उलटून बघितली, टीप चुकली होती, उसवून परत घातली. मग चहा ठेवला. चहा घेऊन गेले तेव्हा हे खाली पडले होते आणि डोळे उघडे होते.

अर्धा तास तरी झाला असेल. दवाखान्यात विचारलं, किती वाजता झालं. मी म्हटलं, आत्ताच.

डोळे उघडे होते म्हणजे शिलाई मशीनचा आवाज त्यांना ऐकू येत असणार.

लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. कपडे वाळत घालायचेत.

७ फेब्रुवारी

बीपी १३२/८४. पुलाव, अर्धी वाटी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सोमशेखरच्या बोर्डावरची जुनी चिप काढली. आजूबाजूच्या बारीक भागांना आच लागू नये म्हणून पिवळी पट्टी आणि वर चांदीचा कागद. ह्यांनी डाव्या हातानं कागदाची कड दाबून दिली, मला नीट जमत नव्हती. दोनशे वीसच्या पुढं गेल्यावर एक टक, थांब. मग दोन टक. मी उचलली. टिकल्या सगळ्या जाग्यावर.

ह्यांनी भिंग डोळ्याला लावून एकेक ओळ तपासली. मग माझ्या बोटांकडे पाहिलं. मी शिवते म्हणून बोटं स्थिर आहेत, ते त्यांना माहीत नसावं. इतकी वर्षं मधे एक भिंत होती.

आक्कांनी विचारलं, झालं का. म्हटलं, निम्मं.

१५ फेब्रुवारी

तीन दिवस ठिपके साफ करण्यात गेले. रोज तासभरच, नाहीतर हे दमतात. जुनं शोल्डर तापवायच्या बंदुकीनं वितळवून तांब्याच्या जाळीच्या पट्टीनं टिपून घ्यायचं, जाळीवर भार द्यायचा नाही. नुसतं फिरवायचं. उजवीकडच्या कोपऱ्यात मी भार दिला, तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरून उचललं. हात गरम होता. दवाखान्यातून आल्यापासून मी त्यांना रोज आंघोळ घालते, पण त्यांनी मला धरलं नव्हतं.

गडहिंग्लजच्या माणसाचा फोन आला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मशीन बघायला येतो म्हणाला. आक्कांनी हो सांगितलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नवी चिप बसवायची होती. पण उद्या शिवजयंती, आजपासूनच मंडळांचे ढोल चालू झालेत. काच थरथरते. ह्यांनी टेबलावर पंजा ठेवून बघितला आणि मान हलवली. धक्का चालत नाही. गुरुवारी करू.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आता दुपारचे चार वाजलेत. आक्का ह्यांच्याजवळ आहेत. क्रमानं लिहिते.

सकाळी दहाला बसलो. नव्या चिपच्या पोटाला खसखशीएवढ्या शोल्डरच्या गोळ्या असतात, शेकडो. बोर्डावर पांढरी चौकट छापलेली असते, तिच्या आत चिप बरोबर बसवायची. केसाएवढी इकडे तिकडे चालते, हे ह्यांनी बोटं चिमटून दाखवलं. मशीन लावलं. आकडा दोनशे पस्तीसला गेला तशी चिप आपोआप किंचित खाली बसली. मग ह्यांनी चिमट्याकडे बोट केलं. टोकानं चिपला अगदी हलकं ढकलायचं. मला भीती वाटली. दोन टक. ढकललं. चिप सरकली आणि मी चिमटा काढताच आपली आपण जाग्यावर आली. म्हणजे खालचं सगळं शोल्डर नीट वितळलंय. ह्यांच्या तोंडातून 'व्हय' निघालं. हे मात्र 'होय'च होतं, ते कळलं.

मशीन बंद केलं. आता बोर्ड थंड होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. फुंकर नाही, टेबलाला धक्का नाही. आत अजून ओलं असतं. आकडा शंभराच्या खाली आला की मग. ह्यांनी दोन्ही पाय टेबलापासून लांब घेतले, मीही घेतले. आम्ही आकड्याकडे बघत बसलो.

असं नुसतं बसायची मला सवय राहिलेली नाही. मी बोलले. ठरवलं नव्हतं.

म्हटलं, 'त्या दिवशी मला आवाज आलता. स्टूल पडल्याचा. मला वाटलं तुम्ही लाथ मारलासा. मी उठलो न्हाई. बाही पुरी केली, चहा केला, मग आलो. दवाखान्यात मी खोटं सांगितलं.'

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डावा हात वर उचलला. मला वाटलं मारणार. मी हलले नाही. हात तसाच वर राहिला, टेबलाच्या वर, मूठ वळलेली. डोळे आकड्यावर. एकशे सत्तर. एकशे पन्नास. किती हळू उतरतो तो आकडा. एकशे वीस. खांद्यापासून हात हलत होता, तरी खाली आला नाही. एकशे चार. अठ्ठ्याण्णव झाले.

मग मूठ टेबलावर हाणली. चिमटा उडाला. परत हाणली. परत. आक्का आतून धावत आल्या, 'विजा, विजा' करत. हे आपटतच होते.

नंतर मी भिंगातून पाहिलं. चिप जागची हललेली नव्हती.

२१ फेब्रुवारी

माझ्या हातून जेवत नाहीत. घास तोंडाशी नेला की ओठ मिटतात. आक्कांनी भरवलं तर दोन घास खाल्ले. आक्का विचारतात, काय झालं गं तुमच्यात. मी म्हटलं, काही नाही.

बीपी १५६/९६. लिहायला पाहिजे म्हणून लिहिलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज आक्काच्या हातूनही नको. ताट डाव्या हातानं स्वतःच्या पुढ्यात ओढलं आणि आमटीभात स्वतः खाल्ला. निम्मं अंगावर सांडलं. पुसायला गेले तर कोपरानं लोटलं. पाऊण तास लागला पण ताट पुसून घेतलं. डिसेंबरपासून हे पहिल्यांदा हातानं जेवले. मॅडमना फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, कशानं जमलं एकदम. मी बीपीचा आकडा सांगितला.

त्यानंतर मी दोन भाकरी खाल्ल्या. खर्डा तिखट होता, नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हे पुढच्या खोलीत येत नाहीत. एकटीनंच जोडलं. चिपवर नवी पेस्ट, वर तांब्याची नळी, पंखा, पट्ट्या, कीबोर्ड. कागदावरचा एकेक स्क्रू उचलून ज्याच्या त्याच्या जागी. एकही उरला नाही.

बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळाच. मी मोजत होते. अकरापर्यंत आले तेव्हा उजेड आला, मग अक्षरं. सोमशेखरनी सांगितल्याप्रमाणे त्यांचा प्रोग्रॅम उघडला. निळ्या पदरावर कोयऱ्यांची ओळ आली, प्रत्येक कोयरीत बारीक चौकोन, एकेक धागा मोजता येईल असे.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. बोटं गार पडली होती एवढं कळत होतं.

आत जाऊन सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून होते. म्हटलं, चित्र आलं. 'व्हय,' म्हणाले. वळले नाहीत.

दुपारभर चालू ठेवला. गेला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र, म्हणून सोमशेखर आज आले. बेलाचं पान आणि अंगारा आणला होता. लॅपटॉप उघडून सगळी डिझाइनं एकामागून एक बघितली. एक जुनं, हिरव्या काठाचं आलं तिथं थांबले आणि म्हणाले, 'हे माझ्या आईसाठी केलेलं ओ. विणलंच न्हाई कुणी.'

मग आत ह्यांच्याकडे गेले. हात हातात घेऊन म्हणाले, 'तुमचं काम वैनींनी पुरं केलं. तुम्ही शिकवलासा म्हणं.' ह्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं, बराच वेळ येत होतं. ह्या आजारात असं उगीचच येतं, असं मॅडम मागे म्हणाल्या होत्या.

४ मार्च, मंगळवार

गडहिंग्लजचा माणूस मशीन बघायला आला. आक्का त्याला सगळं दाखवत होत्या, मी चहा करत होते. आतून सरकत सरकत आवाज आला. हे भिंतीला धरून एकटेच आले. मधली खोली, उंबरा, पुढची खोली. आम्ही तिघंही बघत राहिलो, पुढं कुणी झालं नाही. येऊन मशीनसमोरच्या स्टुलावर बसले आणि डावा हात मशीनवर ठेवला. त्या माणसाकडे बघितलंही नाही.

तो थोडा वेळ उभा राहिला. म्हणाला, पावणं अजून काम करत्यात वाटतं. चहा पिऊन गेला.

आक्का रात्रीचं जेवण होईपर्यंत फुगून होत्या. नंतर मलाच म्हणाल्या, 'पार्लरवालीला मी न्हाई म्हणून सांगतो. पण तू हे सगळं रेटणार हाईस का?' मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

७ मार्च, शुक्रवार

कपाटात डिसेंबरपासूनचे आणखी चार लॅपटॉप आहेत. काल ह्यांनी वरच्या कप्प्यातल्याकडे बोट केलं. एका शिक्षिकेचा आहे, तोच आजार, चित्र नाही. आज उघडला.

हे अजून माझ्याशी नीट नाहीत. जेवण स्वतः घेतात, आंघोळीला आक्काच्या सासरचा पुतण्या येतो. मी समोर आले की खिडकीकडे बघतात. टेबलावर मात्र शेजारी बसतात. तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात.

बारा वाजता जुनी चिप निघाली. मी ठिपके साफ करायला घेतले. भाजी फोडणीला टाकून आले होते, तिचाच विचार डोक्यात होता. शोल्डरची बंदूक उचलली आणि कोपऱ्यात टेकवायला गेले.

'थांब की,' हे म्हणाले.

स्पष्ट. रागानं म्हणाले, नेहमी म्हणायचे तसं. आक्का ओले हात घेऊन बाहेर आल्या. काय म्हणाला, काय म्हणाला, परत म्हण रं विजा. हे परत म्हणाले नाहीत. बोट बोर्डाच्या कोपऱ्यावर होतं. तिथं मी जाळीची पट्टी ठेवायची विसरले होते.

आत भाजी करपल्याचा वास यायला लागला. आक्का गेल्या. मी बंदूक हातात धरून तशीच थांबले होते.